तीन थापांची पुस्तकं

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई रागीट होत्या, हे कळायला शाळेत शिरावंही लागत नसे. फाटकाशीच त्यांचा आवाज ऐकू यायचा. मुलांनी त्यांचं नाव 'किटली' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मी गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये एकोणीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, त्यामुळे त्या रागाची धग मला रोज लागायची. पण या बाईंनी कधी मुलांवर हात उचलला नाही, की शिपायाला अरेतुरे केलं नाही. त्यांचा राग कायम वरच्या माणसांवर असायचा, आणि सगळ्यात जास्त असायचा तो इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर.

"एकशे चाळीस पानं आहेत, सर," त्या पुस्तक टेबलावर आपटून म्हणायच्या. "एकशे चाळीस पानांत एकाही माणसाला भूक लागत नाही. कोणी शिंकत नाही, कोणाला जोडा चावत नाही. नुसता असंतोष पसरतो. पानापानावर असंतोष पसरतोय आणि पोरं जांभया देतायत."

मी मान डोलवायचो आणि वह्या तपासत राहायचो. मान डोलवणं मला चांगलं जमतं.

बाईंकडे नववी 'ड' होती. शाळेत मुलांना मार्कांप्रमाणे तुकड्यांत घालायचे, त्यामुळे 'ड' म्हणजे गाळ, असं मुख्याध्यापक उघडपणे म्हणायचे. सायकल स्टँडला लागून असलेली खोली, एक पंखा, चौतीस मुलं. कोणी पंधराचं, कोणी सोळाचं. काहींना मिसरूड फुटलं होतं, पण 'सार्वभौमत्व' हा शब्द वाचायला सांगितला की ते अक्षरागणिक ठेचकाळत जायचे, आणि मग लाज लपवायला दंगा करायचे.

एके दिवशी बाईंनी शेवटच्या बाकावरच्या मुलीचं पुस्तक हिसकावून घेतलं. मुलगी खूप उंच होती, म्हणून वर्गात तिला 'शिडी' म्हणत. तिने धड्याच्या समासात वाफ सोडणारी किटली काढली होती. किटलीला बाईंचा चष्मा होता. बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. पण पान उलटलं तर पुढे दारपट्टीचा धडा होता. जुन्या काळी एका राजाने घराच्या दारांवर कर बसवला, त्याचा. शिडीने तिथे एक कुटुंब काढलं होतं. कर चुकवायला त्यांनी दार विटांनी बुजवलं होतं आणि सगळे खिडकीतून आत चालले होते. आजोबा मध्येच अडकलेले. खाली वसुली कारकून खिडक्या मोजत उभा, पुढच्या वर्षीच्या कराचा विचार करत.

बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या पुस्तक हातात घेऊनच. "हिला अख्खा धडा कळलाय, सर. कर म्हणजे काय, माणसं त्यातून वाट कशी काढतात, सरकार पुढे काय करतं, सगळं. आणि परीक्षेत हिला भोपळा. का? तर सहा कारणं लिहा म्हटल्यावर हिला सहा कारणं लिहिता येत नाहीत. चूक कोणाची?"

"अभ्यासक्रमाची," मी म्हणालो. हे उत्तर मी नेहमी देतो. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

बाई त्यांच्या थोरल्या भावाबरोबर राहायच्या, दोन खोल्यांत. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम बसलं होतं. मी एकदा गेलो तेव्हा घरभर टर्पेंटाइनचा वास होता, खिडकीत डब्यांमध्ये ब्रश उभे होते, आणि दोरीवर चिमट्यांनी लावून जाड पुठ्ठे वाळत घातले होते. पुठ्ठ्यांवर दारपट्टीची गोष्ट होती. बाई लिहीत होत्या, दादा चित्रं काढत होते.

"दादा, गोड काढू नकोस," बाई सांगत होत्या. "राजा बावळट दिसला पाहिजे."

"बावळटच आहे तो," दादा म्हणाले. "मुकुट बघ ना, कानावर आलाय."

"आणि लोक?"

"तेही बावळट. तुला काय, सगळे शहाणे पाहिजेत?"

"नको," बाई म्हणाल्या. "सगळेच काढ."

चोवीस पानांचं ते पुस्तक त्यांनी वर्गात नेलं तेव्हा पहिल्यांदा पोरं बिथरली. मिसरूडवाला एक जण उभा राहून म्हणाला, "बाई, आम्ही काय बालवाडीत आहोत? चित्रांची पुस्तकं कसली आणता?"

"बालवाडीतली मुलं हे बघून हसतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी हसायचं आणि मग माझ्याशी भांडायचं. यात मी तीन थापा घातल्या आहेत. बाकी सगळं खरं आहे. थापा शोधा. पण नुसतं बोट दाखवून चालणार नाही. थाप आहे म्हणालात तर पुरावा आणा, खरं आहे म्हणालात तरी पुरावा आणा."

बाजूच्या वर्गात माझा तास होता. 'ड'मधून इतकं हसू येत होतं की मी फळा सोडून डोकावून आलो. हसणं ओसरलं आणि भांडणं सुरू झाली. खजिनदाराने स्वतःच्या कचेरीचं दार आतून बुजवून घेतलं आणि तो आतच अडकला, ही थाप असणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. आठ दिवस पोरं शाळेच्या वाचनालयात ठाण मांडून बसली. तोच मिसरूडवाला एका जाडजूड ग्रंथाच्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत होता, कारण त्याला बाईंना खोटं पाडायचं होतं. आणि खजिनदाराची गोष्ट खरी निघाली. साध्या, सहज पटतील अशा तीन गोष्टी थापा होत्या. पोरांनी त्यातल्या दोन पकडल्या. तिसरी सुटली म्हणून पोरं बाईंवर चिडली. बाई त्या दिवशी शाळेतून घरी जाताना गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसरं पुस्तक एका लढाईचं होतं. दोन्हीकडच्या सेना धुक्यात रस्ता चुकल्या आणि तीन दिवस एकमेकींना शोधत हिंडल्या. तेही ठीक पार पडलं. तिसरं पुस्तक, तेही तीन थापांसकट, आमच्याच गावाच्या कालव्याचं होतं.

बासष्ट वर्षांपूर्वी आमचा कालवा फुटला होता. पाठ्यपुस्तकात त्यावर एकच ओळ आहे, 'अतिवृष्टीमुळे कालवा फुटून मोठी जीवितहानी झाली.' काठावर एक दगड आहे, त्यावर एक्केचाळीस नावं आहेत. बाईंनी गावच्या ग्रंथालयात बसून त्या वर्षीची वर्तमानपत्रं चाळली. कालवा फुटायच्या आधी आठ दिवस पावसाचा थेंबही पडला नव्हता. उलट अकरा दिवस आधी कालव्याच्या रखवालदाराने बांधाला भेग पडल्याचं लेखी कळवलं होतं. ते पत्र सात टेबलांवरून फिरलं. चौकशीच्या वेळी ते सगळं छापून आलं होतं, मग कोणीतरी ते विसरायचं ठरवलं.

दादांनी ते पत्र काढलं होतं पोट सुटलेल्या माणसासारखं. प्रत्येक टेबलावर त्याला एक जोडपत्र चिकटायचं आणि त्याचं पोट वाढायचं. एक साहेब त्याला परत पाठवतो, शाई चुकीच्या रंगाची आहे म्हणून. दुसरा विचारतो, भेगेची लांबी तीन प्रतींत कळवा. तिसरा भेगेलाच कचेरीत हजर राहायला सांगतो. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात ती भेग, आणि तिच्यात एक बेडूक, मग बेडकाचं कुटुंब, मग पाहुणे. मी स्टाफरूममध्ये ते वाचताना हसून हसून चष्मा काढून पुसला. शेवटचं पान उलटलं आणि थांबलो. त्या पानावर चित्र नव्हतं. सगळं पान मातकट पाण्याच्या रंगाचं, आणि त्यावर दुकानाच्या पाटीसारख्या सरळ, ठळक अक्षरांत एक्केचाळीस नावं.

चार दिवसांनी एक म्हातारी थेट वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. 'ड'मधल्या एका मुलीची ती आजी. कपडे दुरुस्त करायचं तिचं छोटं दुकान होतं आणि गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. मी त्या वेळी व्हरांड्यात होतो.

"कालव्यावर हसायला कोण शिकवतंय?" तिने विचारलं. "माझी नात घरी येऊन बेडकाच्या गोष्टी सांगते. मी सहा वर्षांची होते त्या वेळी. मला नाही आलं कधी हसायला."

बाईंनी तिला खुर्ची दिली आणि पुस्तक पुढे केलं. म्हातारीने एकेक पान बघितलं. ती हसली नाही. शाईच्या पानावर म्हणाली, "असेच होते मेले." शेवटच्या पानावर ती बोट फिरवत राहिली, वरून खाली आणि पुन्हा वरून खाली.

"माझी बहीण कुठे आहे यात?"



"दगडावर जी नावं आहेत तीच आहेत, आजी," बाई म्हणाल्या.

"दगडावर ती नाहीच. बांधाखाली पत्र्याच्या खोल्या होत्या. गाळ काढायला माणसं लावायचे, त्यांच्या. माझी बहीण तेरा वर्षांची होती, गाळाच्या पाट्या वाहायची. तेराची पोर कामावर ठेवायची नसते, म्हणून हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. हजेरीपटावर नाही म्हणून मेलेल्यांतही नाही. माझी आई कचेरीत तीनदा जाऊन आली. तुम्ही इतकं शोधलंत, बेडूक शोधलात, ती नाही सापडली तुम्हाला?"

बाई म्हातारीवर नाही, स्वतःवर चिडल्या होत्या. मला ते नंतर कळलं, वर्गाला मात्र लगेच कळलं. त्या फळ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तीन थापा मी घातल्या होत्या. ही चौथी. ही मला कोणीतरी मारली, मी तपासली नाही आणि तुमच्या गळ्यात बांधली. पुस्तक चुकलंय."

पुढचा दीड महिना ती चौतीस पोरं जुन्या वस्तीत घरोघर हिंडली. बाईंनी नियम घालून दिला होता. ज्या नावाला दोन वेगवेगळ्या घरांतून दुजोरा मिळेल, तेच लिहायचं. काही घरांत त्यांना चहा मिळाला, काही ठिकाणी दार तोंडावर लावलं गेलं. सात नावं पक्की झाली. आणखी तीन एकाच घरातून आली होती, ती पोरांनी जड मनाने वगळली. दादांनी पाण्याच्या रंगाच्या पानावर खाली सात नावं घातली. पहिलं नाव म्हातारीच्या बहिणीचं होतं. मग पोरांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला, की दगडावर ही सात नावंही कोरावीत, सोबत पुरावे जोडले आहेत. अर्जाची एक प्रत, पुस्तकाच्या नकलेसकट, त्यांनी बाईंना न विचारताच शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही दिली, पाठिंबा मिळेल म्हणून.

अध्यक्षांचे वडील त्या काळी कालव्याचे मुख्य अधिकारी होते. सातवं टेबल त्यांचं.

पोरांना हे माहीत नव्हतं. बाईंना होतं, आणि त्यांनी मुद्दाम पुस्तकात कोणाचंही नाव घातलं नव्हतं. पण अध्यक्षांनी सातव्या टेबलामागचा माणूस ओळखला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. वह्यांवर सह्या घ्यायला मीही तिथेच होतो.

"पंधरा वर्षांच्या मुलांना हास्यचित्रांची पुस्तकं," मुख्याध्यापक म्हणाले. "त्यांच्या वाचनाचा दर्जा घसरतोय अशी तक्रार आहे."

"कोणाची?"

"पालकांची."

"कुठल्या? माझ्या वर्गातली पोरं दोनशे पानांची पुस्तकं चाळतायत. गेल्या वर्षी त्यांना धड्याचं शीर्षक वाचता येत नव्हतं. दर्जा घसरलाय म्हणजे नेमका कुठून कुठे आलाय?"

"बाई, मृत्यूची थट्टा करणं शोभत नाही."

"मृत्यूची थट्टा कुठे आहे, ते पान दाखवा. थट्टा आहे ती कचेरीची. मेलेल्यांचं पान उघडून बघा. तुम्ही बघितलंय का ते?"

मुख्याध्यापकांनी बघितलं नव्हतं. त्यांनी पहिलं पान उघडलं. "आणि हे काय? यात तीन थापा आहेत, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. इतिहासाच्या तासाला शिक्षक थापा मारतो?"

"मी सांगून मारते," बाई म्हणाल्या. "तुमचं पाठ्यपुस्तक न सांगता मारतं."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक कागद फिरला. हास्यचित्रांची पुस्तकं मोठ्या विद्यार्थ्यांच्या वयाला अनुचित असून ती बंद करावीत, असं आम्हा शिक्षकांचं मत आहे, असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली बावीस रिकाम्या ओळी. बाई तेव्हा वर्गावर होत्या. भूगोलाच्या बाईंनी सही केली, विज्ञानाच्या सरांनी केली, चित्रकलेच्या सरांनीही केली. कागद माझ्यासमोर आला. मी त्या पुस्तकावर चष्मा पुसेपर्यंत हसलो होतो. नावं वाचताना म्हातारीचं बोट कसं फिरलं ते मी दारातून बघितलं होतं. मी पेन काढलं आणि सही केली. का केली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. कोणी धमकी दिली नव्हती. माझ्या वेतनवाढीचा प्रश्न नव्हता. कागद समोर आला, माझ्याआधी नऊ सह्या होत्या, एवढंच. चीड येते ती याचीच. मोठं काही कारण असतं तर निदान तेवढा आधार झाला असता.

पुस्तकं क्रीडाविभागाच्या कपाटात, फुटक्या फुटबॉलांबरोबर बंद झाली. बाईंना पहिलीचा वर्ग दिला. "तिथे चित्रांची पुस्तकं चालतात," मुख्याध्यापक म्हणाले आणि हसले. त्या हसण्यावर मी आजही मनात उत्तरं जुळवतो. त्या दिवशी मूग गिळून बसलो होतो.

वार्षिक परीक्षेचा पेपर बाहेरून, परीक्षा मंडळाकडून येतो. त्यात नेमका प्रश्न होता, 'कालवा फुटण्याचे कारण लिहा,' चार गुणांचा. नमुना उत्तर ठरलेलं, अतिवृष्टी. 'ड'च्या चौतिसांपैकी सव्वीस जणांनी लिहिलं की पाऊस नव्हता, भेग अकरा दिवस आधी कळवली होती, पत्र सात टेबलांवर फिरलं, आणि मेले ते अठ्ठेचाळीस, एक्केचाळीस नव्हेत. शिडीने तर उरलेल्या जागेत पत्राचं पोटही काढलं होतं. बाईंच्या जागी आलेल्या इतिहासाच्या नव्या सरांनी नमुना उत्तर बघून सव्वीस शून्यं दिली. शिडी दोन मार्कांनी नापास झाली.

निकालाच्या दिवशी बाईंनी पोरांना जिन्याखाली गाठलं. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"अक्कल गहाण ठेवली होती का?" त्या कडाडल्या. "अतिवृष्टी लिहायला एक शब्द लागतो. लिहायचा, चार मार्क घ्यायचे आणि पास व्हायचं. कोणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"तुम्हीच," मिसरूडवाला म्हणाला. "पुरावा असेल तर लिहा म्हणालात."

"वहीत लिहा म्हटलं होतं मी. परीक्षेत नाही."

"असं कधी म्हणाला होतात?" शिडीने विचारलं. तिचे डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता. "थाप आहे ना ही, बाई?"

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. पोरं गोंधळून उभी राहिली. किटली रडते हे त्यांना माहीत नव्हतं.

मग त्या उठल्या आणि भांडायला लागल्या. मुख्याध्यापकांनी हात झटकले. बाईंनी परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं, वर्तमानपत्रांच्या नकला जोडल्या. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. मंडळाच्या कचेरीत स्वतः गेल्या. तिथल्या कारकुनाने अर्ज तीन प्रतींत मागितला. त्यांनी तीन प्रती दिल्या आणि चौथीवर पोच घेतली. आठ महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं, की सदर प्रश्नास पर्यायी उत्तर ग्राह्य धरण्यात येत आहे. सव्वीस जणांचे चार चार मार्क परत मिळाले. शिडी पास झाली, पण तोवर तिचं वर्ष गेलं होतं. दगडावरची नावं एक्केचाळीसच राहिली. नगरपालिकेने अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवलाय, असं आजही सांगतात.

मंडळाचं पत्र आलं त्या दिवशी मी धीर करून बाईंच्या घरी गेलो. दादांनी दार उघडलं. बाई टेबलाशी बसल्या होत्या.

"मला एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "त्या कागदावर मी सही केली होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बावीस जणांत तुमचीच सही धड वाचता येत होती, सर. बाकीच्यांनी निदान खरडल्या होत्या. लाज वाटल्यासारख्या."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या पाच मिनिटं काढली आणि परत आलो. माफी मागितली, पण ती त्यांनी घेतली की नाही हे कळलं नाही. नसावी. त्यानंतर आम्ही शाळेत बोलायचो, पण कामापुरतं.

बाई निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या दोन खोल्यांत आता रविवारी पोरं येतात, आठवी-नववीची. नवी पुस्तकं निघतात. ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने कालव्याच्या पुस्तकाची एक प्रत मागून घेतली आणि संदर्भग्रंथांच्या कपाटात ठेवली. लहान मुलांच्या कपाटात ठेव, असं त्याला वरून दोनदा सांगण्यात आलं. त्याने ऐकलं नाही. तेवढं धाडस मला त्या स्टाफरूममध्ये का झालं नाही, हे त्याला बघितलं की मनात येतं.

या वर्षी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली. मी शाळेत आलेल्या गठ्ठ्यातली पहिली प्रत उघडली आणि बाईंना फोन लावला. ती ओळ बदलली होती. मी वाचून दाखवली, 'अतिवृष्टी व अन्य कारणांमुळे कालवा फुटून मोठी जीवितहानी झाली.' मला वाटलं, थोडं तरी बरं वाटेल त्यांना.

त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली.

"अन्य कारणं म्हणजे कोण, सर?" बाई म्हणाल्या. "त्यांना नावं नाहीत?" आणि त्यांनी फोन ठेवला.